थंड डोंगराळ दऱ्यांतल्या दगडी, गवताळ जमिनीची माती कशी असते? आपल्या काळ्या मातीसारखीच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेतल्या यलोस्टोनमधल्या लामार खोऱ्याचे फोटो पाहिले. गुडघाभर गवत, त्यात चरणारे बायसन, आणि ओढ्याने कापलेल्या काठावर काळीभोर माती, पण त्यात निम्मे दगड. ही माती आपल्याकडच्या काळ्या मातीसारखीच का? आणि खानापूरकडच्या तुमच्या माळावर दगड तितकेच असून तिथलं गवत दिवाळीनंतर का वाळून जातं?

मी धारवाडला मृदाशास्त्र शिकलो. बेळगाव-खानापूर पट्ट्यात शेतात खड्डा काढून जमीन बघणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती माती काळी आहे, पण आपली काळी माती नव्हे. शहापूर-वडगावच्या शिवारातली माती काळी दिसते ती मुख्यतः तिच्यातल्या फुगणाऱ्या चिकणमातीमुळे. थोडासाच कुजलेला अंश त्या चिकणमातीला घट्ट बिलगून बसतो आणि सगळी माती गडद दिसते. अहवाल काढला तर सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतच निघतो. ती माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. थंड दरीतल्या मातीत यातलं काही नाही. ती पोयट्याची, मुठीत दाबून सोडली की रवाळ सुटणारी असते. भेगा पडत नाहीत. तिचा काळेपणा येतो मुळांमधून.

गवताचं जे आपल्याला दिसतं त्याहून जास्त गवत जमिनीखाली असतं. तिथली आयडाहो फेस्क्यू, ब्लूबंच व्हीटग्रास ही गवतं बहुवर्षायू आहेत. त्यांच्या तंतुमुळांचा काही भाग दरवर्षी मरतो आणि जागेवरच कुजतो. झाड आपला पाला वर टाकतं, म्हणून जंगलात वर पाल्याचा थर आणि खाली लगेच फिकट माती दिसते. गवत मात्र आपलं खत मातीच्या पोटातच ठेवतं, त्यामुळे काळेपणा पाऊण-एक फूट खोल उतरतो, कधी त्याहूनही खाली, आणि मग हळूहळू विरळ होत जातो. त्या खोऱ्यातल्या कापलेल्या काठाचा फोटो पुन्हा बघा. काळा थर कुठे संपतो हे बोट ठेवून सांगता येणार नाही.

आता थंडी. या जमिनींचं तापमान ५० सेंमी खोलीवर मोजतात आणि त्याची वर्षाची सरासरी शून्याच्या वर पण ८ अंश सेल्सिअसच्या खाली असते. बेळगावात त्याच खोलीवर सरासरी २५ अंशांच्या आसपास येईल. कुजण्याचा वेग ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट होतो. म्हणजे ५ अंशांच्या मातीत मुळी कुजायला आपल्यापेक्षा चौपट वेळ घेते, आणि हिवाळ्यात तर काम जवळजवळ थांबतंच. भर पडत राहते, खर्च कमी. त्यामुळे वरच्या थरात कर्ब २ ते ४ टक्के सहज सापडतो. आपल्याकडे शेणखत टाकून टाकून पाऊण टक्का टिकवताना शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात, ते त्याच्या आळसामुळे नव्हे, या उष्णतेमुळे.

अमेरिकन वर्गीकरणात मातीचे १२ मोठे गण आहेत. अशा गवताळ, गडद, सुपीक मातीचा गण मॉलिसॉल, आणि त्यातला थंड प्रदेशाचा उपगण क्रायॉल. या गणात बसायला नुसता रंग पुरत नाही. गडद थर पुरेसा जाड हवा, त्यात कर्ब किमान ०.६ टक्के हवा, आणि मातीच्या कणांवर पोषक द्रव्यं धरून ठेवायची जी जागा असते तिच्यापैकी निम्मी तरी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांनी भरलेली हवी. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. उटीला गेलात तर तिथल्या गवताळ उतारांवरही माती काळसर दिसते, पण मोठ्या पावसाने तिच्यातलं कॅल्शियम धुऊन नेलेलं असतं. ती आम्ल आहे, म्हणून या गणात बसत नाही. भारतात मॉलिसॉल बघायचेच तर मुख्यतः काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडकडे जावं लागतं.

रॉकी पर्वतातल्या अशा कित्येक दऱ्यांत वर्षाला ४०० ते ५०० मिमी एवढंच पाणी पडतं, त्यातलं बरंच बर्फ म्हणून. वसंतात बर्फ वितळतं, पाणी मातीत झिरपतं, थोडी चिकणमाती खाली नेतं, आणखी खाली चुना नेतं, आणि तिथेच संपतं. कॅल्शियम जमीन सोडून जात नाही. खालच्या थरातला दगड उपटून उलटा केला तर त्याच्या बुडाला पांढरा लेप दिसतो, वरची बाजू मात्र स्वच्छ. पाणी दगडाच्या बुडाशी लोंबकळतं, वाळतं आणि चुना तिथे ठेवून जातं. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. मातीच्या निरीक्षणात मला ही खूण सगळ्यात आवडते, कारण पाणी कुठवर पोचतं हे एक दगड सांगून जातो. आपल्या कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमापाशी, यापेक्षा कितीतरी पट पाऊस पडतो. तिथे असा लेप शोधून सापडायचा नाही. चुना केव्हाच वाहून गेला, उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजेच तुमचा जांभा.

दगड आले कुठून, हे त्यांच्या आकारावरून कळतं. हिमनदीने आणून टाकलेले असतील तर वाटाण्यापासून खोलीएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र कालवलेलं असतं. वितळलेल्या पाण्याने वाहून आणले असतील तर गोटे गोल आणि थर लावलेले. कड्यावरून घसरले असतील तर कोपरे धारदार. तिथली शेवटची मोठी हिमनदी ऐन भरात होती ती सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, म्हणजे ही माती वयाने फार लहान आहे. आपल्या घाटमाथ्यावरचा जांभा कोट्यवधी वर्षं झिजत आला आहे. आणखी एक, थंडीत दगड जागचे हलतात. दगडातून उष्णता लवकर निघून जाते, म्हणून त्याच्या खाली आधी बर्फ धरतं, बर्फ फुगतं आणि दगड वर ढकलला जातो. बर्फ वितळताना खालच्या पोकळीत बारीक माती सरकते, दगड परत खाली बसत नाही. दरसाल थोडं थोडं करत तो वर येतो.

दरीच्या तळाला गवत आणि वर उतारावर सूचिपर्णी झाडं, असं उलटं चित्र का दिसतं, याचंही उत्तर थंडीत आहे. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि तळाला साचते. जांबोटीकडून हिवाळ्यात पहाटे येताना मलप्रभेच्या सखलात धुकं बसलेलं असतं आणि चढावर आलं की हवा उबदार लागते, तोच प्रकार. तिथे मात्र ऐन उन्हाळ्यातही तळाला दहिवर गोठतं, झाडाचं कोवळं रोप टिकत नाही. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून ते तग धरतं. अर्थात कोरडेपणा, वणवे आणि चरणारी जनावरं हीही कारणं आहेत. पीक घ्यायला हिमविरहित काळ फार थोडा मिळतो, त्यामुळे तिथले लोक गाई पाळतात आणि वैरण कापतात. मोंटानातल्या बिग होल खोऱ्याची ओळखच दहा हजार गवतगंज्यांचं खोरं अशी आहे.

आता तुमच्या माळाकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

जमिनीत दगड असणं आणि जमिनीखाली खडक असणं यांत फार मोठा फरक आहे. लामारसारख्या दरीत दगड सुटे असतात. २ मिमीहून मोठे तुकडे आकारमानाने ३५ टक्के झाले की शास्त्रात तिला सांगाडी माती म्हणतात. पण दोन दगडांच्या फटीत पोयटा भरलेला असतो आणि मुळं त्या फटींतून दोन-तीन फूट खाली जातात. जांभ्याच्या सड्यावर चार बोटं माती आणि खाली सलग कातळ. मुळाला वाट नाही. त्यात सगळा पाऊस चार महिन्यांत पडून वाहून जातो, पुढे सात-आठ महिने कोरडे, उरलेलं गवत वणव्यात नाहीतर वाळवीच्या पोटात जातं, आणि मुळीचा जो काही अंश राहतो तो उष्णतेने लवकर संपतो. म्हणून आधी पहार मारून बघा. पहार दगडाला अडून बाजूला घसरली आणि परत आत गेली, तर जमीन दगडी आहे आणि तिच्यात आशा आहे. कुठेही मारली तरी त्याच खोलीवर खणखणली, तर कातळ आहे. तिथे खतावर पैसा घालवू नका, गवतच राहू द्या आणि वणवा लागू देऊ नका.

जमीन सुट्या दगडांची निघाली तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्रयोगशाळेत माती २ मिमीच्या चाळणीतून चाळूनच तपासतात, दगड बाहेर फेकले जातात. अहवाल फक्त चाळलेल्या मातीचा असतो. एक मीटर पोयटा साधारण १६ सेंमी उपयोगी पाणी धरतो, म्हणजे अर्धा मीटर ८ सेंमी. त्यात निम्मे दगड असतील तर उरले ४ सेंमी, ४० मिमी. गवत दिवसाला ४ मिमी पाणी उचलत असेल तर वीस दिवसांऐवजी दहा दिवसांत जमीन कोरडी. पालाश, स्फुरद, कर्ब, सगळ्याचा हिशेब असाच घटतो. चांगला अहवाल हातात असून पीक का येत नाही, असं विचारत जे शेतकरी येतात, त्यांच्यातल्या किती जणांना कोणी दगड मोजायला सांगितलेलंच नसतं, याचं मला वाईट वाटतं.

मोजायला उपकरण लागत नाही. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा काढा आणि निघालेली सगळी माती ताडपत्रीवर ठेवा. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरा आणि किती लिटर बसलं ते लिहा. मग माती चाळून दगड वेगळे करा आणि काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडा. जेवढं पाणी सांडेल तेवढं दगडांचं आकारमान. जांभा असेल तर तो आधी रात्रभर भिजत घाला, कारण तो पाणी पितो आणि माप कमी दाखवतो. दगड वजनाने मोजू नका. घट्ट दगड वजनाने निम्मे असले तरी आकारमानाने एक तृतीयांशच भरतात. समजा खड्ड्यात २५ लिटर पाणी बसलं आणि दगडांनी १० लिटर सांडलं, तर दगड ४० टक्के. अहवालातले हेक्टरी आकडे ०.६ ने गुणा, आणि पुढच्या वेळी नमुना पाठवताना पिशवीवर ‘दगड ४० टक्के’ असं ठळक लिहून द्या.