पाटीवरचा रुपया

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

एकांकिका पाहिली. प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये ही गर्दी. तिथे बोलणं शक्य नव्हतं, आणि हे बोलायची ती जागाही नव्हती. म्हणून लिहितो.

आधी जमलंय ते. 1982 च्या गिरणी संपावर पुष्कळांनी लिहिलंय, पण बहुतेकांची गाडी घोषणा आणि झेंड्यांपुढे जात नाही. तू मोर्चा दाखवलाच नाहीस. बाहेर अडीच लाख कामगार संपावर, आणि रंगमंचावर फक्त एक खोली, वाण्याची उधारी आणि तांब्याचा हंडा मोडीत घालणारी आई. हंडा काट्यावर ठेवला तरी तिचा हात काठावरून निघत नाही. सगळं थिएटर गप्प होतं. आणि साच्यावर तुटलेला धागा जोडताना बापाची बोटं चालतात, तीही अस्सल.

नेमकी तेव्हाच माझी नजर आईच्या मागच्या पाटीवर गेली. तांदूळ, साखर, गोडेतेल, आणि प्रत्येक भावाआधी ‘₹’. अगं, हे चिन्ह सरकारने स्वीकारलं 15 जुलै 2010 ला! संपातल्या वाण्याने ‘रु.’ लिहिलं असतं.

मग धाकटा भाऊ येतो आणि म्हणतो, ‘प्रभादेवीला उतरलो, तिथून चालत आलो.’ ते स्टेशन प्रभादेवी झालं 2018 साली. माझ्या मागच्या रांगेतले आजोबा पुटपुटले, ‘एल्फिन्स्टन.’ अगदी स्वतःशीच. पण तिथून पुढे ते नाटक बघत नव्हते, चुका हुडकत होते, आणि सापडेल ती शेजारच्याला सांगत होते. खरं सांगू? मीही तेच करायला लागलो. शेवटचा बापाचा प्रवेश इतका चांगला, पण मी त्याच्या पायातल्या चपला बघत होतो.

तू म्हणशील, काका, एवढ्या नाटकात एक चिन्ह आणि एक शब्द, फार तर अर्धा गुण कापा. परीक्षक तेवढाच कापेलही. प्रेक्षकाचा हिशेब तसा नसतो. त्याचा एकदा विश्वास उडाला की तो आधीच्या खऱ्या गोष्टींकडेही संशयाने बघतो. टुकार नाटकात हीच पाटी कुणाच्या लक्षातही आली नसती.

तुझी खोली म्हणजे तीन ठोकळे आणि एक दोरी. भिंत कुठाय, असं कुणी विचारलं? नाही. न दाखवलेलं प्रेक्षक आपल्या पदरचं घालून पुरं करतो. दाखवलेलं मात्र तपासून घेतो. पाटी नसती तरी दुकान दिसलंच असतं.

पाटी रंगवणाऱ्या पोराला झापू नकोस. त्याला वाचता यायला लागल्यापासून रुपया असाच दिसतोय, शंका येणार कुठून? शंका येणारं माणूस तालमीत हवं. लालबाग-परळात संप पाहिलेली माणसं अजून आहेत. बापाच्या बोटांसाठी तू त्यांतल्या कुणाला तरी भेटली असणारच. मग त्यांनाच रंगीत तालमीला का नाही बोलावलंस? बोलाव, आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नकोस, भलेपणाने कौतुकच करतील. ‘कुठे खटकलं?’ एवढंच विचार.

आता धसका घेऊन प्रत्येक डब्या-बाटलीचं साल शोधत बसू नकोस, सगळी तालीम त्यातच जाईल. ब्लॅकआउट उशिरा पडतो, तेही दोन-चार प्रयोगांत बसेल.

पाटी काढूनच टाक. त्या धाकट्याकडून मात्र आजपासून ‘एल्फिन्स्टन’ घोकून घे. चुकीचा शब्द एकदा तोंडात बसला की ऐन प्रयोगात नेमका तोच बाहेर येतो.

तुझा,
काका