मिस्सेहून परतलेल्या विद्यार्थ्यास

सोलापूर

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेहून घरी आल्यावर तुझे पत्र वाचले. कॅथलिक वर्गमित्राबरोबर तू मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, गेलास, सगळ्यांच्या मागोमाग रांगेत उभा राहिलास, आणि तुझा बाप्तिस्मा आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीतला आहे हे कळताच फादरांनी हलक्या आवाजात 'तुला ख्रिस्तशरीर', म्हणजे पवित्र केलेली भाकरी, 'देता येणार नाही' असे सांगितले. दोघेही येशूलाच मानतो, मग त्याच्या मेजावर मला जागा का नाही, असे तू विचारले आहेस. मेजापाशीच सर्व पंथभेद उघडे पडतात, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

कॅथलिक श्रद्धेप्रमाणे, धर्मगुरू प्रभूचे शब्द उच्चारतात तेव्हा भाकरीची चव, रंग, वास तसाच राहतो, पण तिचे मूळ तत्त्व पालटते आणि तेथे साक्षात ख्रिस्त उपस्थित होतो. मिस्सा संपल्यावर उरलेले ख्रिस्तशरीर वेदीजवळच्या बंद पेटीत ठेवतात, शेजारी दिवा तेवत असतो आणि आत येणारा भाविक आधी गुडघा टेकतो, हे तू पाहिलेच असशील. आपल्याकडे ताटातले भाकरीचे तुकडे आणि द्राक्षारसाचे छोटे पेले बाकांवरून फिरतात तेव्हा बहुतेकांच्या मनात वधस्तंभाचे स्मरण असते. शिवाय कॅथलिकांच्या दृष्टीने ते ग्रहण करणे म्हणजे पोप व बिशप यांच्याशी जोडलेल्या संपूर्ण विश्वासाला 'आमेन' म्हणणे होय. जे तू अजून मानत नाहीस त्याला तुझ्याकडून होकार घेऊ नये, असे त्या फादरांना वाटले असावे. त्यांनी तुला अख्रिस्ती ठरवलेले नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने पाण्याने झालेला तुझा बाप्तिस्मा त्यांची मंडळीही खरा मानते.

हा वाद केवळ रोमशी, म्हणजे कॅथलिकांशी, आहे असेही समजू नकोस. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे प्रॉटेस्टंट सुधारणेचे पुढारी ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले आणि प्रभुभोजनावर, म्हणजे याच भाकरी-द्राक्षारसाच्या विधीवर, मात्र फाटले. ल्यूथरने खडूने मेजावर 'हे माझे शरीर आहे' असे लिहून ठेवले आणि 'आहे' या शब्दापासून तो हलला नाही. झ्विंग्लीच्या मते त्या 'आहे'चा अर्थ 'दर्शविते' असा होता. पुढे कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाने म्हटले की ख्रिस्त खरोखर लाभतो, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे. आपल्या सोलापुरातल्या जुन्या मंडळ्यांना घडवणारे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे याच सुधारित परंपरेतले.

एका वाक्याचे इतके अर्थ झाल्यावर खरा अर्थ कोणी सांगायचा, हा माझ्या मते सगळ्या भेदांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. प्रॉटेस्टंट म्हणतात, शेवटचा अधिकार पवित्र शास्त्राचा. कॅथलिक म्हणतात, शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा एकत्र, आणि त्यांचा अधिकृत अर्थ पोप व बिशप सांगतील. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या परंपरा मानतात, पण सगळ्या चर्चवर पोपची सत्ता मानत नाहीत. त्यांच्या व रोमच्या १०५४ च्या फुटीमागे हे एक मोठे कारण होते. शास्त्रात कोणती पुस्तके धरायची यावरही एकमत नाही. आपल्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, तुझ्या मित्राच्या बायबलमध्ये ७३. त्या जादा पुस्तकांपैकी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. तुझा मित्र मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो आणि आपण करत नाही, याचा एक धागा तेथे सापडतो.

मरियेविषयी थोडक्यात लिहितो. आराधना केवळ देवाची आणि मरियेला आदर व मध्यस्थीची विनंती, असा भेद कॅथलिक शिकवण स्पष्टपणे करते. मी संडे स्कूलमध्ये कित्येक वर्षे 'ते मरियेची पूजा करतात' असे मुलांना सांगत आलो, ते चुकीचे होते आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. 'ते कर्मांनी तारण विकत घेतात' हे वाक्यही असेच टाकून दे. तारण देवाच्या कृपेनेच आहे, असे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे एकत्र सही करून मान्य केले. मतभेद उरले आहेत, पण ल्यूथरने सुधारणेला सुरुवात केली त्या १५१७ च्या मानाने ते पुष्कळ अरुंद झाले आहेत.

वसतिगृहातल्या प्रार्थनासभेत तुला 'तान्हेपणीचा बाप्तिस्मा चालत नाही, पुन्हा घे' असे सांगितले जाते, तेव्हा घाई करू नकोस. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे म्हणणे असे की विश्वास आधी आणि पाणी नंतर. त्यांच्याकडे शास्त्राधार आहे आणि तो तू नीट ऐकून घ्यावास. आपली परंपरा म्हणते की देव आधी हात पुढे करतो आणि मूल पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी विश्वास जाहीर करण्याच्या विधीच्या, वेळी स्वतः उत्तर देते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा बॅप्टिस्ट आणि अँग्लिकन एकाच छत्राखाली आले आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. मला त्या निर्णयाचा फार अभिमान वाटतो. पेंटेकॉस्टल मंडळ्या मानतात त्या, पवित्र आत्म्याने अन्य भाषांत बोलण्याच्या वरदानालाही परके समजू नकोस. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या, आणि पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे त्या घटनेची नोंद घेतात.

मित्राने बोलावले तर पुन्हा मिस्सेला अवश्य जा. इतर रांगेत जातील तेव्हा बाकावर बसून प्रार्थना कर. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की 'वाइटापासून सोडव' येथे सगळे थांबतील, आणि तू आपल्या सवयीने 'कारण की राज्य' म्हणायला जाशील. तेवढे थांब. फादर एक लहानशी प्रार्थना म्हणतील आणि मग तेच वाक्य सारी सभा म्हणेल. तेव्हा तूही मोठ्याने म्हण.

तुझा,
जुना संडे स्कूल शिक्षक