अंडं आणि बेकिंग पावडर नसताना घरी पॅनकेक करता येतील का?

येतील, आणि चांगले फुगलेले येतील. तुम्ही लिहिलंय की घरात मैदा, दही, दूध, लिंबू, साखर, तेल आणि खायचा सोडा आहे. अंडी, बेकिंग पावडर आणि लोणी मात्र नाही. एवढ्या सामानात काम भागतं. जपायचं आहे ते फक्त सोडा आणि आंबट यांचं प्रमाण. बाकी बदलांत थोडं इकडंतिकडं झालं तर पॅनकेक जरा जाड किंवा जरा पातळ होतो. सोड्याचं गणित बिघडलं की तो तोंडात घालवत नाही.

आधी प्रमाण सांगते. कप 240 मिलीचा, मोठा चमचा 15 मिलीचा, छोटा 5 मिलीचा. 1 कप मैदा (साधारण 125 ग्रॅम), 1 मोठा चमचा साखर, सपाट अर्धा छोटा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्या. चाळायचा कंटाळा करू नका, सोड्याची गुठळी राहिली तर नेमका तो घास कडू लागतो. दुसऱ्या भांड्यात पाऊण कप दही, पाव कप दूध, दीड मोठा चमचा तेल आणि 1 छोटा चमचा लिंबाचा रस घुसळा. दही किती घट्ट आहे त्यावर दूध कमीजास्त लागेल. मिश्रण पळीतून जाडसर ओघळलं पाहिजे, पाण्यासारखं पळता कामा नये.

आता सोड्याबद्दल. सोड्याला आंबट पदार्थ भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी पॅनकेक फुगतो. बेकिंग पावडर म्हणजे हाच सोडा, सोबत कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च. 1 छोटा चमचा पावडरीचं काम साधारण पाव छोटा चमचा सोडा करतो, पण त्याचं आंबट आपल्याला बाहेरून द्यावं लागतं. कपभर मैद्याला एरवी 2 छोटे चमचे पावडर घालतात, म्हणून इथे सोडा अर्धा चमचा. तेवढ्या सोड्याला कपभर ताक पुरतं. आपलं पाऊण कप दही आणि चमचाभर लिंबू मिळून जवळपास तितकंच होतं. सोडा जास्त पडला तर चव साबणासारखी लागते आणि आत शिजायच्या आधीच वरून रंग काळपट चढतो. आंबट जास्त झालं तर पॅनकेक फिके राहतात, भाजूनही रंग धरत नाहीत.

कधी दहीही नसेल, तर कपभर दुधातून 1 मोठा चमचा दूध काढून तितकाच लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला आणि ते फाटल्यासारखं दिसेपर्यंत पाचदहा मिनिटं ठेवा. बहुतेक पाककृतींत इथेही सोडा अर्धा चमचाच लिहिलेला असतो. मला तो जास्त वाटतो, कारण या दुधात दह्याइतकं आम्ल नसतं. मी पाव चमच्याच्या किंचित वरच थांबते. फुगतं थोडं कमी, पण चव स्वच्छ राहते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाजारातली बहुतेक बेकिंग पावडर दोनदा काम करते, थोडा वायू भिजवताना सुटतो आणि उरलेला तव्याच्या उष्णतेने. त्यामुळे तिचं मिश्रण थोडा वेळ थांबू शकतं. सोडा आणि दह्याचा वायू मात्र ओलं-कोरडं एकत्र होताच सुटायला लागतो. म्हणून आधी तवा तापवा, मगच दोन्ही एकत्र करा आणि लगेच घालायला घ्या. कालवतानाही कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. बारीक गुठळ्या भाजताना विरतात; त्या मोडायला घोटत बसलात तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, जमलेला वायू निघून जातो आणि पॅनकेक चिवट होतो.

अंड्याची उणीव या कृतीत दह्याचा घट्टपणा बऱ्यापैकी भरून काढतो. अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. उरलेली प्रथिनं आणि स्निग्धांश मिश्रण बांधून धरतात. तुमचे पॅनकेक उलटताना तुटत असतील तर 1 मोठा चमचा जवसाची पूड 3 मोठे चमचे पाण्यात चिकट होईपर्यंत भिजवून घाला. पाव कप कुस्करलेलं केळंही चालतं, पण मग तो केळ्याचाच पॅनकेक होतो, शिवाय आत दमट राहतो आणि वरून लवकर करपतो. केळ्याची चव हवी असेल तरच ते वापरावं असं माझं मत आहे.

लोण्याऐवजी तेल खुशाल घ्या. लोण्यात साधारण 80 टक्केच स्निग्धांश असतो, म्हणून तेल थोडं कमी लागतं. वास नसलेलं निवडा. मैद्याच्या जागी कणीक घ्यायची तर पहिल्यांदा अर्धी-अर्धी घ्या. कोंडा पाणी ओढतो, तेव्हा एकदोन चमचे दूध वाढवा. साखरेऐवजी मध घातलात तर आच आणखी मंद ठेवा, मधाने रंग झटकन येतो.

आच मध्यमच हवी. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो तडतडत नाचला पाहिजे. धूर येत असेल तर तवा जास्त तापलाय. तेलाचा हात फिरवून जादाचं पुसून घ्या, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो. पाव कप मिश्रण एका जागी ओता आणि पसरवू नका. दोनतीन मिनिटांत वर बुडबुडे येतील, पण नुसते बुडबुडे पाहून उलटायची घाई नको. ते फुटून भोकं उघडी राहिली आणि कडा कोरड्या दिसल्या की एकदाच उलटा. दुसरी बाजू मिनिटा-दीड मिनिटात होते. उलथन्याने दाबू नका, एवढ्या कष्टाने भरलेली हवा निघून जाते.

पहिला पॅनकेक लहान घाला आणि तो खाऊन बघा. साबणासारखी चव आली तर उरलेल्या मिश्रणात अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस अलगद मिसळा. बाहेरून करपून आत कच्चा राहिला तर आच कमी करा. पसरून पातळ झाला असेल तर चमचाभर मैदा भुरभुरा, आणि फारच जाड होऊन मध्ये ओला राहत असेल तर दुधाचा एक चमचा वाढवा.