सामाईक उताऱ्यावरचे सुट्टीचे घर

प्रश्न : आम्ही तीन भावंडे. मी थोरली, बेळगावात वडगावला राहते, मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. एक भाऊ पुण्याला, धाकटा म्हापशाला. वडिलांच्या पश्चात येळ्ळूर शिवारातली वडिलोपार्जित जमीन गेल्या वर्षी सगळी विकली. मुलाबाळांनी मे महिन्यात आणि दिवाळीत एकत्र यावे म्हणून त्या पैशातून खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला घर बांधायचा विचार आहे. तिथे 8 एकरांत 40 प्लॉटची योजना आहे. कमान, वॉचमन, क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव सगळे देणार म्हणतात. 5 गुंठ्यांचा प्लॉट 24 लाखांना. 2 लाख चेकने दिले, 100 रुपयांच्या बाँडवर करार झाला. आता महिनाअखेरपर्यंत आणखी 10 लाख मागतात, त्यातले निम्मे रोख. नाही दिले तर टोकन बुडेल म्हणतात. एजंट सांगतो, कायदा बदलला, आता एन.ए.ची (बिनशेती आदेशाची) गरज नाही, खरेदी करून उताऱ्यावर नाव चढवून देऊ. कागद सगळे कानडीत आहेत. पुण्याचा भाऊ म्हणतो, त्यापेक्षा महाराष्ट्रात, चंदगडात घेऊ, सातबारा तरी वाचता येतो. आणि खरेदी एकाच भावाच्या नावावर करायचे चालले आहे. काय करावे?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, महिनाअखेरचे 10 लाख देऊ नका. ना चेकने, ना रोख. टोकन बुडेल या भीतीने माणूस दुसरा हप्ता देतो आणि मग दोन्ही अडकतात. माझ्याकडे येणाऱ्या प्लॉटच्या दहा भांडणांतली निम्मी याच पायरीवर सुरू झालेली असतात.

एजंटाने सांगितलेली गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती धोक्याची. कर्नाटक जमीन सुधारणा कायदा 1961 च्या कलम 79-अ आणि 79-ब प्रमाणे पूर्वी बिगरशेतकऱ्याला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्याला शेतजमीन घेता येत नव्हती. 2020 च्या दुरुस्तीने ही कलमे काढली. त्यामुळे आज शेतकरी नसलेली माणसेही खानापूर तालुक्यात शेतजमीन विकत घेऊ शकतात. पण कायदा बदलला तो घेणाऱ्यापुरता. जमिनीचा वापर बदललेला नाही. शेतजमीन बिगरशेती करायला कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964 च्या कलम 95 खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आजही लागतो. शेतात शेतघर बांधता येते, पण ते शेती करणाऱ्याच्या गरजेसाठी. 40 कुटुंबांची सुट्टीची घरे, क्लब हाऊस आणि तलाव याला कुठल्याही अर्थाने शेतघर म्हणता येणार नाही.

आता 'उताऱ्यावर नाव चढेल' म्हणजे नेमके काय होईल ते पाहा. सर्व्हे नंबरचा एक तुकडा वेगळा करून विकायचा तर मोजणी खात्याचा 11-ई नकाशा लागतो. तो न काढता अशा योजना बहुधा 'इतके गुंठे अविभक्त हिस्सा' असे लिहून खरेदी देतात. मग पहाणीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याच्या, 9 नंबरच्या रकान्यात तुमच्या नावाखाली 39 अनोळखी नावे येतात. कुंपण घातलेला 17 नंबरचा प्लॉट तुमचा, हे कुठल्याही सरकारी कागदावर नसते, ते फक्त माहितीपत्रकातल्या रंगीत नकाशावर असते. त्यातल्या एकाने कर्ज काढले, एकाच्या वारसांत वाद झाला, कुणी कोर्टातून मनाई आणली, की त्याची झळ सगळ्या सर्व्हे नंबराला. बँक कर्ज देत नाही. ग्रामपंचायत घराला परवाना देत नाही, आणि परवाना नसताना बांधलेल्या घराला हेस्कॉमची वीज कायम जोडून घेताना किती हेलपाटे घालावे लागतात ते आपल्या भागातल्या अनेकांना ठाऊक आहे. तुम्हाला जिथे नातवंडांसाठी झोपाळा बांधायचा आहे, ती जागा आधी कागदावर वेगळी दिसली पाहिजे.

हातात काय असले पाहिजे? जिल्हाधिकाऱ्यांचा बिनशेती आदेश, त्यात तुमचा सर्व्हे नंबर आणि 'निवासी' हा वापर. त्यावर मंजूर झालेला लेआऊट. जागा बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर बुडाकडून, बाहेर असेल तर नगररचना खात्याकडून. आणि त्यानंतर पंचायतीच्या ई-स्वत्तू या संगणकीय मालमत्ता नोंदीमधून तुमच्या प्लॉटचा नमुना 9 आणि नमुना 11-अ. इथे बारीक लक्ष द्या. 11-ब नावाचाही उतारा निघतो, तो रीतसर मंजुरी नसलेल्या मालमत्तेचा. पंचायतीचाच कागद म्हणून तो दाखवला जातो आणि लोक फसतात.

रेराविषयी, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याविषयी, जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा सगळ्यात मोठा आधार तोच आहे. 2016 चा हा कायदा फक्त फ्लॅटसाठी आहे असा समज बेळगावात फार आहे. जमिनीचे प्लॉट पाडून विकणेही त्यात येते. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर नोंदणी केल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. 500 चौरस मीटर म्हणजे सुमारे 5 गुंठे, तुमच्या एका प्लॉटएवढी जागा. ही योजना तर 8 एकरांची. प्रवर्तकाला नोंदणी क्रमांक विचारा. कर्नाटकातला क्रमांक 'पी.आर.एम./के.ए./रेरा' अशा अक्षरांनी सुरू होतो, आणि कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर तो टाकला की मंजूर नकाशा, मुदत आणि जमिनीचे कागद दिसतात. 'अर्ज केला आहे' हे उत्तर चालत नाही.

कलम 13 तुमच्या नेमके कामाचे आहे. विक्री-करार नोंदणी केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 24 लाखांचे 10 टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार. तुम्ही 2 लाख दिले आहेत. म्हणजे बाँडच्या जोरावर ते आणखी फार तर 40 हजार मागू शकतात, 10 लाख नव्हे. जमीन शेतीची आहे, आम्हाला रेरा लागत नाही, असे ते म्हणतील. मग क्लब हाऊस, अंतर्गत रस्ते आणि 'व्हिला प्लॉट' हे शब्द असलेले माहितीपत्रक त्यांच्यासमोर ठेवा. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिलेल्याला ते व्याजासह परत मागता येतात, असे कलम 12 सांगते. म्हणून माहितीपत्रक, एजंटाचे व्हॉट्सॲप संदेश, चेकची नोंद, यातले काही टाकून देऊ नका.

रोख रकमेचे एका वाक्यात सांगतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही, आणि उद्या परतावा मागायची वेळ आली तर तुम्ही दिलेल्या 5 लाखांचा पुरावा काय? आणि खरेदीपत्राऐवजी मुखत्यारपत्र देऊ म्हणाले तर तिथेच थांबा. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे.

कमान आणि वॉचमनचे आकर्षण मला समजते. वर्षातले अकरा महिने बंद राहणाऱ्या घरावर कुणाचे तरी लक्ष हवेच. पण मंजूर लेआऊटमधले रस्ते आणि बाग स्थानिक संस्थेकडे विनामूल्य सोपवावी लागतात. सोपवलेला रस्ता खासगी राहत नाही, तिथे कमान उभारून लोकांना अडवता येत नाही. बंगळूरच्या एका वसाहतीच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयानेही हेच सांगितले. तेव्हा क्लब हाऊस आणि तलाव कुठल्या जागेवर आहेत ते नकाशावर बोट ठेवून विचारा. मंजूर नकाशात त्या सामाईक सुविधा म्हणून दाखवल्या असतील तर त्या पुढे प्लॉटधारकांच्या संघाला हस्तांतरित व्हायला हव्यात. प्रवर्तकाच्या स्वतःच्या शिल्लक जमिनीवर असतील तर उद्या तो तिथे हॉटेल काढेल आणि तुम्ही दरमहा देखभालीचे पैसे भरत राहाल. तलावापेक्षा मी तरी बोअरचे पाणी एप्रिलच्या शेवटी किती येते ते बघेन. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळा मुसळधार, पण जांभ्या दगडाच्या माळावर उन्हाळ्यात काय स्थिती असते ते तिथल्या गावकऱ्यांनाच विचारावे.

त्या पट्ट्यात जंगलाचा प्रश्नही तपासावा लागतो. भीमगड अभयारण्य 2011 साली घोषित झाले, ते खानापूर तालुक्यातच आहे. वनखात्याची अधिसूचना, अभयारण्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र, यात तुमचा सर्व्हे नंबर येतो का याचे लेखी उत्तर वनखात्याकडून घ्या. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा केंद्राचा मसुदा जुलै 2024 मध्ये पुन्हा निघाला. त्यात 50 हेक्टरांवरच्या नव्या वसाहतींना बंदी सुचवली आहे. 8 एकर त्याच्या जवळपासही नाहीत, तेव्हा त्या मसुद्याच्या नावाने कुणी घाबरवले तर घाबरू नका. त्याहून मोठी भीती वेगळी आहे. ती जमीन पूर्वी सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल, तर 1978 च्या कायद्याने परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द ठरते, आणि 2023 च्या दुरुस्तीने त्यासाठी अर्ज करायला मुदतही ठेवलेली नाही. जमीन मूळ मालकाकडे कशी आली ते पहाणीचा 10 नंबरचा रकाना सांगतो, बोजे 11 नंबरचा. जुने फेरफार आणि किमान 30 वर्षांची ई.सी. (बोजा प्रमाणपत्र) बघितल्याशिवाय मी कुणालाही हो म्हणत नाही.

कागद कानडीत आहेत ही अडचण खरी आहे, ती लपवायची गरज नाही. आपल्या आजोबांच्या काळचे फेरफार मराठीत सापडतात, आपल्या सहीचे खरेदीपत्र मात्र आपल्याला वाचता येत नाही, याचे दुःख मी रोज बघतो. पण न वाचता केलेली सहीसुद्धा बांधून ठेवते. मसुदा आठवडाभर आधी मागा, दोन्ही भाषा येणाऱ्या वकिलाकडून त्याचा मराठी अनुवाद लिहून घ्या, आणि चतुःसीमा, क्षेत्र, रस्त्याचा हक्क हे तीन परिच्छेद त्याच्याकडून शब्दन् शब्द समजावून घ्या. एजंटाने तोंडी सांगितलेल्या अर्थावर जाऊ नका.

तुमच्या भावाचे चंदगडचे म्हणणे मनाला पटणारे आहे, पण सातबारा वाचता येतो म्हणून जमीन घेता येतेच असे नाही. जमीन ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा. महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 अजून जागेवर आहे, तिथे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. तुम्ही येळ्ळूरची सगळी जमीन विकली. दुसरीकडे कुठे तुमच्या नावावर शेती नसेल तर तो पुरावा कुठून आणणार? शिवाय तुकडेबंदीमुळे जिरायत 20 गुंठ्यांखाली आणि बागायत 10 गुंठ्यांखाली शेतजमिनीचा तुकडा पाडून विकता येत नाही, त्यामुळे तिथले '5 गुंठे फार्म प्लॉट'ही बहुधा सामाईक सातबाऱ्यावरच उभे असतात. चंदगडात रीतसर बिनशेती झालेला आणि महारेरात नोंदलेला प्लॉट मिळाला तर जरूर घ्या. दोन्हीकडे कसोटी एकच.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारा मुद्दा. एकाच भावाच्या नावावर खरेदी करू नका. तिघांची नावे घातली म्हणून मुद्रांक शुल्क वाढत नाही. 5 टक्के, त्यावरचा उपकर-अधिभार आणि 31 ऑगस्ट 2025 पासून 2 टक्के झालेले नोंदणी शुल्क, हे एका नावाला जेवढे तेवढेच तीन नावांना. वडिलोपार्जित जमिनीच्या पैशात तुमचा हिस्सा भावांइतकाच आहे; 2005 ची हिंदू वारसा दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2020 चा निकाल यानंतर त्यात शंका उरलेली नाही. पैसे तुमचे आणि नाव फक्त भावाचे असे झाले तर व्यवहार बेनामी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. भावंडांना त्या कायद्यात सूट आहे, पण दोघांची नावे कागदावर संयुक्त मालक म्हणून असतील तरच. खरेदीपत्रात प्रत्येकाने किती रक्कम दिली आणि कुणाचा किती हिस्सा तेही लिहा. नाही तर पुढे हिस्से दिलेल्या पैशांवरून शोधत बसावे लागते.

आणि खरेदीच्याच दिवशी तिघांत एक वेगळा करार करा. मे महिना कुणाचा, दिवाळी कुणाची, पत्रे उडाले तर खर्च कसा वाटायचा, आणि कुणाला आपला हिस्सा काढून घ्यायचा असेल तर आधी इतर दोघांना विचारायचे, किंमत कशी ठरवायची. असे घर वाटून देता येत नसेल तर 1893 च्या वाटणी कायद्याखाली न्यायालय ते विकून पैसे वाटायला सांगू शकते. आज तुम्ही तिघे एकमेकांचा शब्द मोडणार नाही हे मला मान्य आहे. हा करार तुमच्या मुलांसाठी आहे, ज्यांतला एक पुण्यात आणि एक कदाचित परदेशात असेल.

तेव्हा या आठवड्यात प्रवर्तकाला पोचपावतीच्या स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवा. रेरा क्रमांक, बिनशेती आदेश, मंजूर लेआऊट आणि तुमच्या प्लॉटचा 11-अ यांच्या प्रती 15 दिवसांत मागा, आणि तोपर्यंत पुढचा हप्ता देणार नाही असे लिहा. कागद आले तर तपासून नोंदणीकृत करार करू. नाही आले तर 2 लाख व्याजासह परत मागणारी नोटीस, आणि त्यानंतर कर्नाटक रेराकडे तक्रार. दोन्ही भावांना फोनवर नुसते सांगू नका, पत्रावर तिघांच्या सह्या घ्या. म्हापशाच्या भावाला यायला सोपे आहे, चोर्ला घाटातून दोन-अडीच तासांत येईल. वाटेत ती जागाही बघून या, आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की ती जमीन मूळ कुणाची.