गावातल्या २२ जणांचा गेमचा रिफंड अडकलाय, मिळून ईमेल मोहीम कशी चालवावी?

तुमचा प्रश्न असा: दारव्हा तालुक्यातल्या गावात २२ जणांनी एका परदेशी डिजिटल स्टोअरवरून एकच गेम घेतला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ४५ जीबी उतरवायला तीन आठवडे लागले, आणि आता गेम सुरूच होत नाही. १४ दिवस उलटले म्हणून स्टोअर रिफंड नाकारतंय.

भाऊ, आधी भांडणाचा मुद्दा बदला. नेट हळू होतं म्हणून मुदत वाढवा, असं लिहिलंत की स्टोअर आपली अट दाखवून मोकळं होईल. दिवसाला २ जीबीच्या पॅकवर १४ दिवसांत २८ जीबीच उतरतात, हा अन्याय खराच आहे, पण तो नंतरचा विषय. पहिला मुद्दा एवढाच की विकलेला गेम चालत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू किंवा सेवा सदोष निघाली, किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसली, तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. डिजिटल वस्तू त्यात येतात, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्याही येतात.

म्हणून मेल लिहायच्या आधी छाननी करा. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर डीएक्सडायग (कॉम्प्युटरची माहिती दाखवणारं विंडोजमधलंच साधन) चालवा आणि रॅम, ग्राफिक्स कार्ड, विंडोजची आवृत्ती हे सगळं गेमच्या पानावर दिलेल्या किमान गरजांशी ताडून पाहा. १६ जीबी रॅम मागणारा गेम ८ जीबीवर अडला तर तो गेमचा दोष नाही. असे जे निघतील त्यांना या मोहिमेतून बाजूला ठेवा, मग ते कितीही जवळचे असोत. त्यांचा एक मेल आत गेला की स्टोअर तोच धरून बाकीच्यांनाही 'तुमची मशीन कमी पडते' असं छापील उत्तर देऊ शकतं. उरलेल्यांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करून, स्टोअरच्या अ‍ॅपमधून गेमच्या फाइलींची तपासणी करून घ्यावी. सपोर्टचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा हेच करून बघा असं असतं. आधीच करून मेलमध्ये लिहिलंत तर तेवढे दिवस वाचतात. तपासणीत खराब निघालेला भाग पुन्हा उतरतो, तेव्हा त्या दिवशीचा डेटा शिल्लक ठेवा.

मेल ज्या आयडीवर स्टोअरचं खातं आहे त्याच आयडीवरून जायला हवा. गावाकडे मोहीम इथेच अडते. मोबाइल दुकानवाल्याने किंवा सेवा केंद्रात कुणीतरी आयडी काढून दिलेला असतो, पासवर्ड कुणाकडेच नसतो. पहिला आठवडा हे आयडी परत मिळवण्यात गेला तरी चालेल. पैसे वडिलांच्या यूपीआयवरून गेले असतील तर तसं स्पष्ट लिहा, आणि पोट्टं १८ च्या आतलं असेल तर तक्रार वडिलांच्याच नावाने करा.

मेल दहा-बारा ओळींचाच हवा. विषयात 'सदोष गेम, रिफंडची मागणी' आणि ऑर्डर क्रमांक. आत खरेदीची तारीख, रक्कम, यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, एररचा मजकूर जसाच्या तसा, काय काय करून पाहिलं ते, आणि शेवटी एकच मागणी: पूर्ण रक्कम मूळ पेमेंटच्या मार्गाने परत करा. 'मूळ मार्गाने' हे विसरू नका, नाहीतर पैसे स्टोअरच्या वॉलेटमध्ये येतात आणि तिथेच खर्च करावे लागतात. सोबत बिल, एररचा स्क्रीनशॉट आणि डीएक्सडायगची फाइल जोडा. भाषा साधी इंग्रजी ठेवा, जमेल तशी. ओटीपी, कार्डाचा पूर्ण नंबर, आधार यातलं काहीही पाठवू नका.

एकच मजकूर २२ जणांनी चिकटवू नका. हुबेहूब मेल स्पॅममध्ये जाऊ शकतात, किंवा एकच तक्रार समजून सगळ्यांना एकच उत्तर जातं. मुद्दे तेच ठेवा, वाक्यं ज्याची त्याची असू द्या. सगळे मेल एकाच आठवड्यात जाऊ द्या आणि पत्ता तक्रार निवारण अधिकाऱ्याचा घ्या. नियमानुसार त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असायलाच हवं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याभरात निकाली काढायची असते. आठवण करायची ती त्याच मेलच्या धाग्यात उत्तर देऊन. नवा मेल टाकला की नवं तिकीट, म्हणजे तक्रारीची नवी नोंद, उघडतं आणि मागचा सगळा संदर्भ तुटतो. एकाने वहीत नाव, तिकीट क्रमांक, पाठवल्याची आणि उत्तराची तारीख लिहीत जावं. पासवर्ड मात्र त्याच्याकडे देऊ नका.

मुदतीच्या अटीबद्दल वेगळं सामूहिक पत्र लिहा, तुमच्या रिफंडच्या मेलमध्ये ते मिसळू नका. सपोर्टला बसलेला माणूस रिफंड मंजूर करू शकतो, धोरण बदलू शकत नाही. दोन्ही एकत्र मागितलं तर तो धोरणावर उत्तर देऊन तिकीट बंद करतो. धोरणंही बदलतात बरं का. २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा या आपल्या गेमयंत्रांचं स्टोअर बंद करायचं जाहीर केलं होतं, खेळणाऱ्यांच्या नाराजीमुळे एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घेतला. ऑस्ट्रेलियात तर स्टीम हे गेमचं स्टोअर चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीला रिफंडबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

या काळात गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन करू नका. तिथे भामटे बसलेले असतात, एनीडेस्क (दुरून तुमचा फोन चालवू देणारं अ‍ॅप) टाकायला लावून खातं रिकामं करतात. तसं घडलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. बँकेकडून पैसे परत ओढण्याचा मार्गही शेवटी ठेवा, कारण स्टोअर अख्खं खातं गोठवू शकतं आणि त्यातले चालणारे गेमही जातात.

महिना उलटला की प्रत्येकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्यावा. हेल्पलाइन कंपनीशी बोलते, आदेश देऊ शकत नाही. तिथेही काही झालं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होते. ग्राहक राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एकच तक्रारही करता येते, व्हिडिओवरून सुनावणीसाठी अर्जही देता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. वहीतल्या तारखा, पोच आणि डॉकेट क्रमांक तिथे पुरावा म्हणून जोडायचे आहेत, तेव्हा प्रत्येक मेलची पीडीएफ आजपासूनच काढून ठेवा.