सर्च इंजिन शोधते कुठे आणि क्रम कसा लावते?

प्रश्न : सर्च इंजिनमध्ये दोन-तीन शब्द टाकले की निमिषार्धात पानांची मोठी यादी समोर येते. एवढ्या वेळात ते सगळे इंटरनेट धुंडाळते का? आणि यादीत सर्वांत वर असलेले पान सर्वांत विश्वासार्ह समजावे का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आपण शब्द टाकतो तेव्हा सर्च इंजिन शोध घेते ते स्वतःकडे आधीच तयार असलेल्या सूचीत. ही सूची तयार व्हावी म्हणून ‘क्रॉलर’ नावाचे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. ते एखादे पान उतरवून घेतात, त्यातील लिंक टिपतात, मग त्या लिंकवरची पाने उतरवतात, आणि हा क्रम असाच पुढे चालू राहतो. त्यामुळे ज्या पानाकडे कोठूनही लिंक जात नाही आणि ज्याचा पत्ता संकेतस्थळाच्या चालकांनीही कळवलेला नाही, ते पान सापडणे कठीणच असते. क्रॉलरने कोठे जाऊ नये, हे सांगणारी ‘रोबॉट्स’ नावाची छोटी फाइल संकेतस्थळावर ठेवण्याचा प्रघात 1994 पासून आहे. मात्र ती केवळ विनंती असते, कुलूप नव्हे, आणि ती न जुमानणारे क्रॉलरही असतात.

उतरवलेल्या पानांची सूची उलट्या बाजूने रचलेली असते. कोणत्या पानात कोणते शब्द आहेत, अशी नोंद ठेवण्याऐवजी कोणता शब्द कोणकोणत्या पानांत आणि कितव्या जागी आला आहे, अशी नोंद ठेवतात. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच. तीन शब्द विचारले की तीन याद्या काढायच्या आणि त्यांतील समाईक पाने निवडायची, एवढेच काम उरते. शब्दांच्या जागाही नोंदलेल्या असल्यामुळे ते शब्द एकमेकांलगत आले आहेत की पानभर विखुरले आहेत, हेही समजते. ‘घर’, ‘घरात’ आणि ‘घरापुढे’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे ओळखण्याची सोय मात्र वेगळी करावी लागते.

खरी कसोटी यानंतर लागते, कारण समाईक पानेही हजारो निघतात. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडलेला विचार येथे आजही उपयोगी पडतो : जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो, त्याला अधिक वजन द्यावे, आणि ‘आहे’सारख्या सर्वत्र आढळणाऱ्या शब्दाला जवळजवळ काहीच देऊ नये. पुढे आलेल्या ‘बीएम25’ या सूत्राने त्यात दोन शहाणपणाच्या दुरुस्त्या केल्या. एखादा शब्द पानात पुन्हा पुन्हा आला तरी प्रत्येक वेळी मिळणारा लाभ घटत जातो, आणि पान केवळ लांबलचक असल्याचा फायदा त्याला मिळत नाही.

तरीही शब्द मोजून पानाचा दर्जा ठरत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत तेच तेच शब्द भरून ठेवण्याची लबाडी लोकांनी फार लवकर शोधून काढली. स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीने पानाबाहेरची साक्ष घेतली : दुसऱ्या पानांनी दिलेली लिंक म्हणजे एक मत, आणि ज्या पानाला स्वतःला भक्कम मते आहेत, त्याच्या मताचे वजन अधिक. कोणी सतत लिंकांवरून भटकत राहिला आणि मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारू लागला, तर तो कोणत्या पानावर किती वेळा पोहोचेल, याचाच हा हिशेब आहे. मूळ मांडणीत लिंकवरून पुढे जाण्याची शक्यता सामान्यतः 0.85 धरली होती. कल्पना देखणी होती, पण मतांना किंमत आली की मतांचा बाजारही भरतो. विकतच्या लिंकांचे जाळे ओळखणे हे तेव्हापासून सर्च इंजिनांचे कायमचे काम होऊन बसले आहे. आज लिंक ही अनेक खुणांपैकी एक खूण आहे. 2019 पासून गूगलने ‘बर्ट’ या भाषाप्रारूपाचा, म्हणजे भरपूर मजकुरावरून भाषेची घडण शिकलेल्या प्रोग्रामचा, वापर सुरू केला, तो वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध लक्षात घेण्यासाठी.

आता विश्वासार्हतेविषयी. यांतील कोणतीही खूण मजकूर खरा आहे की नाही, हे प्रत्यक्ष तपासत नाही. पान विषयाशी जुळते का आणि इतरांनी त्याची दखल घेतली आहे का, एवढेच मुख्यतः मोजले जाते. म्हणून पहिला क्रमांक हा वाचनाचा प्रारंभ मानावा, निर्वाळा मानू नये, आणि त्याच्याही वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले काही असेल, तर ती जाहिरात आहे हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : तेच शब्द टाकूनही दोन व्यक्तींना वेगळी यादी का दिसते?

उत्तर : ठिकाण, निवडलेली भाषा आणि काही वेळा आधीचे शोध विचारात घेतले जातात. शिवाय सूची अनेक संगणकांवर विभागलेली असते आणि ती सतत बदलत राहते, त्यामुळे एकाच व्यक्तीलाही संध्याकाळी सकाळपेक्षा निराळा क्रम दिसू शकतो. यादीच्या माथ्यावर कधी कधी दिसणारा निकालांचा प्रचंड आकडा तर निव्वळ अंदाज असतो. तेवढी पाने प्रत्यक्ष मोजलेली नसतात.