नुसती निरोप पोचवणारी?

प्रश्न : ताई, पणजीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ३ वर्षं बिझनेस ॲनालिस्ट आहे, म्हणजे ग्राहकाला काय हवं ते समजून घेऊन प्रोग्रामरना सांगते. कोड माझा नाही, निर्णयही माझा नाही. नुसते इकडचे निरोप तिकडे पोचवते, असं वाटतं. सोडू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अगं, मलाही सुरुवातीला अगदी असंच वाटायचं. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याने ‘रिपोर्ट लवकर हवा’ एवढंच लिहून दिलं होतं. मी दोन दिवस गोदामात उभी राहिले तेव्हा दिसलं, की स्टोअरकीपर काका बॅच नंबर आधी वहीत लिहितात, मग एक्सेलमध्ये. चुका तिथेच होत होत्या. हवा होता तो बारकोड. नवी पद्धत लागली आणि काकांना संध्याकाळची मडगावची बस मिळू लागली. (त्यांनी मला घरचे आंबे आणून दिले होते!) माझं समाधान आजही त्यातच आहे.

तू वापरणाऱ्यांजवळ जाऊन शेवटची कधी बसलीस? हे काम मीटिंगच्या टिपणांतून कळत नाही. सोडण्याआधी एक तरी प्रकल्प सुरू झाल्यावर महिनाभर त्याच्या मागे राहा. आणि कामाच्या तासांची नोंद आजपासून ठेव. आयआयबीए या बिझनेस ॲनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सीबीएपी या प्रमाणपत्र परीक्षेसाठी मागच्या १० वर्षांतले या कामाचे ७,५०० तास दाखवावे लागतात.